डेंगळ्यावरची माशी जगवा



गळीत हंगाम भरात असताना शेती खात्याचा माणूस तोडणी-वाहतूक सोडून मधमाशीवर काय लिहीत बसला, असे आपणांस वाटेल. उसाला माशीची गरज नाही हे खरेच. आपण कांडी लावतो, बी धरत नाही. पण आपल्यातले कितीतरी जण उसाशेजारी अर्धा-एक एकर कांद्याचे डेंगळे करतात. थंडी सरत आली की डेंगळ्याला फूल लागते, आणि तिथला सगळा हिशेब माशीच्या हातात असतो.

आधी माझी चूक सांगतो. नोकरीची पहिली वर्षे होती. एका सभासदाच्या बियाण्याच्या प्लॉटवर गेलो. गोंडे पांढरेशुभ्र फुललेले, पण तळहातावर झटकले की फुलकिडेच फुलकिडे. बांधावर बसून औषधाची चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणालो, "अण्णा, उद्या सकाळी ऊन पडलं की मारून घ्या." त्यांनी तसेच केले. फुलकिडे गेले. दोन दिवसांनी पुन्हा गेलो तर घरच्या काकू म्हणाल्या, "साहेब, रानात आवाजच नाही बघा." मला त्याचा अर्थ कळला नाही. गोंडे काढून चोळले तेव्हा कळला. निम्म्याहून जास्त बोंडे पोकळ! खोडव्याच्या खताचे पैसे त्यांनी त्या बियाण्यावर धरले होते, ते सोसायटीतून उचलावे लागले. अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

असे का झाले? कांद्याच्या एका गोंड्यात दोनशे ते सहाशे बारीक फुले असतात. ती एकदम उमलत नाहीत, दोन-तीन आठवडे उमलतच राहतात. प्रत्येक फुलाचे पराग आधी झडतात आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणजे वऱ्हाड निघून गेल्यावर नवरी मांडवात येते! तेव्हा पराग दुसऱ्या फुलावरूनच आणला पाहिजे, आणि हे काम मुख्यतः माशी करते. नीट काम झाले तर एका फुलात सहापर्यंत बिया भरतात. नाही झाले तर बोंड दिसायला बोंड, आत काही नाही.

त्यातून कांदा माशीच्या फारसा आवडीचा नाही. त्याच्या मकरंदात पोटॅश जास्त असते. शेजारी करडई किंवा कोथिंबीर फुललेली असली तर माशी डेंगळे सोडून तिकडे जाते. म्हणून बांधाला कोथिंबीर टाकायची तर अशी टाका, की डेंगळे फुलायच्या आधी तिचा फुलोरा ओसरेल. माशीला रानाची सवय लागते आणि पुढे कांद्याला स्पर्धा राहत नाही.

परदेशातल्या पुस्तकांत थंडीअखेर माशी उपाशी असते असे वाचायला मिळते. तिकडे बर्फ पडते, ते खरे असेल. आपल्याकडे उपासमारीचे दिवस पावसाळ्याचे. माघ-फाल्गुनात आंबा, करडई, पांगारा, शेवगा फुललेले असतात, पोळ्यात पिलावा वाढत असतो आणि सातेरीच्या नव्या वसाहती फुटायच्या बेतात असतात. अशा वेळी चारा आणणारी माशी रानात मेली की मागचा पिलावा उपाशी पडतो. एका फवारणीचा फटका दोनदा बसतो तो असा.

तेव्हा फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडा उमलायच्या आधी करा. फूल असताना पंप पाठीवर घेऊच नका. अगदीच नाइलाज झाला तर दिवस मावळल्यावर, माशी घरी गेल्यावर. तरीही फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम फुलावर नकोत. ही औषधे रात्रीत संपत नाहीत, सकाळी आलेल्या माशीलाही मारतात. आणि उसाला हुमणीसाठी हीच औषधे आपण ओततो, तो पंप पाटात धुऊ नका. माशी पाणी प्यायला तिथेच येते. विहिरीजवळ उथळ परातीत खडे घालून पाणी ठेवले, की पाण्यात बुडून मरणाऱ्या माश्याही वाचतात.

पाचट जाळू नका हे मी दरसाल सांगतो, ते जमिनीच्या कसासाठी. पण त्या जाळात बांधाच्या झुडपातले फुलोरी माशीचे पोळेही जाते, तेही ध्यानात असू द्या.

ज्यांना सातेरीच्या पेट्या ठेवायच्या आहेत त्यांनी साधारण एकरी दोन धराव्यात. दहा टक्के फुले उमलल्यावरच पेटी रानात आणा. आधी आणली तर माशी दुसऱ्या फुलाला लागते. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे. त्याच तालुक्यातले मांघर 2022 साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. पेटी घेण्याआधी एकदा तिकडे चक्कर मारून माहिती घ्या.

राहता राहिली आग्या. ती वडावर, पाण्याच्या टाकीवर बसते आणि तिची भीती खरी आहे. तोडणी कामगारांच्या कोप्या अशा झाडाखाली पडू देऊ नका, पोरांना दगड मारू देऊ नका. पोळे वाटेवरच असेल तर जाळायच्या आधी पेट्या पाळणारा जाणता माणूस बोलवा.