अंतराळातील बाजारपेठ आणि नवख्याची पहिली कमाई

ऑनलाइन खेळातून पैसा मिळतो, असे शाळकरी मुलांच्या बोलण्यात हल्ली वारंवार येते. हा पैसा कोणता, तो कसा मिळतो आणि मिळाल्यावर त्याचे काय करता येते, हे मात्र बोलणाऱ्या मुलांना नीट ठाऊक नसते आणि त्यांना समज देऊ पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही नसते. या विषयाची उकल करून घ्यावयाची तर 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळविषयक खेळाइतके उपयुक्त उदाहरण सहसा सापडणार नाही.

आइसलँडची राजधानी रेक्याविक येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या सीसीपी या कंपनीने हा खेळ ६ मे २००३ रोजी सुरू केला. चीनसाठी वेगळी व्यवस्था आहे. तेवढी सोडली तर जगभरचे खेळाडू एकाच विश्वात वावरतात. या विश्वात सात हजारांहून अधिक सूर्यमाला आहेत. तेथील जवळजवळ प्रत्येक यान कोणा ना कोणा खेळाडूने बांधलेले असते, त्याचे खनिज दुसऱ्याने खणलेले असते आणि ते बाजारात तिसऱ्याने आणलेले असते. चलनाचे नाव 'इस्क'. आइसलँडच्या क्रोना या खऱ्या चलनाची आंतरराष्ट्रीय संक्षिप्त खूणही तीच आहे, ही त्या कंपनीची थोडीशी थट्टा म्हणावयास हरकत नाही. व्यवहारांचा पसारा एवढा वाढला की, २००७ मध्ये कंपनीने एयोल्फर गुडमुंडसन या अर्थशास्त्रज्ञाची नेमणूक केली. चलनवाढ, उत्पादन आणि किमती यांवर लक्ष ठेवणे हे त्यांचे काम होते. पुढे २०१४ मध्ये ते आइसलँडमधीलच आकुरेरी विद्यापीठाचे प्रमुख झाले.

प्रवेश कसा करावा

नोव्हेंबर २०१६ पासून या खेळाचे मर्यादित सदस्यत्व विनामूल्य मिळते. त्यास 'अल्फा' म्हणतात; वर्गणी भरणाऱ्याचे सदस्यत्व 'ओमेगा'. अल्फा सदस्यास मोठी याने व वरच्या श्रेणीची कौशल्ये मिळत नाहीत. परंतु खेळाची ओळख होईपर्यंत त्यावाचून काही अडत नाही. आधी वर्गणी भरावयाची आणि मग खेळ आवडतो की नाही ते पाहावयाचे, हा क्रम सर्वस्वी उलटा होय.

अमार, काल्दारी, गॅलेंटे व मिन्मतार या चार राष्ट्रकुलांपैकी एकाची निवड आरंभी करावी लागते. या निवडीवर नवखे फार वेळ घालवितात. वस्तुतः कोणतेही कूळ घेतले तरी पुढे सर्व प्रकारची कौशल्ये शिकता येतात. कौशल्ये शिकण्याची रीत मात्र ध्यानात घेण्यासारखी आहे. ती प्रत्यक्ष घड्याळाच्या वेळेने वाढतात. खेळाडू झोपलेला असो वा कामावर गेलेला असो, शिक्षण चालूच राहते. पहिल्या पायऱ्या काही मिनिटांत ओलांडता येतात, तर शेवटच्या पायरीस अनेक दिवस, क्वचित कित्येक आठवडेही लागतात. म्हणून एकाच विद्येत पारंगत होण्याच्या हट्टापेक्षा आवश्यक त्या पाच-सहा विद्यांच्या खालच्या पायऱ्या प्रथम चढणे श्रेयस्कर ठरते.

खाणकाम, उत्पादन, शोधकार्य आणि लढाई यांची तोंडओळख करून देणाऱ्या कामगिऱ्या खेळातच योजलेल्या आहेत. त्या पुऱ्या केल्या की छोटी याने, उपकरणे व थोडे इस्क हाती येतात. घाई करून त्या टाळणारा खेळाडू आपले पहिले भांडवलच टाकून देतो. खेळाडूंनीच २००४ मध्ये 'ईव्ह युनिव्हर्सिटी' नावाची संस्था काढली असून नवख्यांना मोफत शिकविणे हा तिचा एकमेव उद्देश आहे. शिक्षकवर्गास ही बाब विशेष वाटावी.

प्रत्येक सूर्यमालेस सुरक्षिततेचा अंक दिलेला असतो. १.० ते ०.५ अंकांच्या प्रदेशात 'कॉनकॉर्ड' नावाचे पोलीस दल असते, ०.४ ते ०.१ च्या प्रदेशात ते धावून येत नाही. शून्य व त्याखालील प्रदेशात खेळाडूंच्या संघटनांचेच राज्य चालते. येथे एक गैरसमज बहुतेकांस महाग पडतो. कॉनकॉर्ड गुन्हेगारास शिक्षा करते, ते गुन्हा होऊ देणार नाही असे नव्हे. हल्लेखोराचे यान हमखास नष्ट होते, पण ते होईपर्यंत व्यापाऱ्याचे यानही गेलेले असू शकते. यानातील माल हल्लेखोराच्या यानांच्या किमतीहून जास्त मोलाचा असेल, तर शिक्षा भोगूनही हल्ला फायद्यात पडतो, आणि असा हिशेब मांडणाऱ्या टोळ्या त्या विश्वात कमी नाहीत.

घरच्या खनिजाची किंमत

नवख्याची पहिली मिळकत बहुधा खाणकामातून होते. 'व्हेंचर' नावाचे छोटे यान घेऊन लघुग्रहांच्या पट्ट्यात जावयाचे, यंत्राने खडक फोडून कच्चे खनिज कोठारात भरावयाचे आणि स्थानकावर आणून विकावयाचे, असे हे काम आहे. सर्वांत सहज मिळणारे खनिज 'वेल्डस्पार'; त्यातून 'ट्रिटानियम' हा धातू निघतो, आणि तो जवळजवळ प्रत्येक यानाच्या बांधणीस लागतो. व्हेंचरचे कोठार ५,००० घनमीटरचे असते व वेल्डस्पारचा एक नग ०.१ घनमीटर जागा घेतो. म्हणजे कोठार भरण्यास ५०,००० नग लागतात. काम कंटाळवाणे खरे, पण जोखीम थोडी.

खरी चूक होते ती यानंतर. खाणकामात स्थिरावलेला खेळाडू यान बांधण्याचा आराखडा विकत घेतो आणि स्वतः खणलेल्या खनिजातून यान तयार करतो. समजा, त्या यानास लागलेल्या धातूंची बाजारातील किंमत ४० लाख इस्क आहे आणि तयार यान ३८ लाखांना विकले गेले. 'धातू तर घरचेच होते, तेव्हा ३८ लाख निव्वळ नफा,' असे तो समजतो. प्रत्यक्षात तेच धातू बाजारात विकले असते, तर त्यास ४० लाख मिळाले असते. यान बांधण्याच्या खटाटोपात त्याने दोन लाख गमावले. वर वेळ गेला तो वेगळाच. अर्थशास्त्रात यास संधिव्यय म्हणतात. या खेळात हा भ्रम इतका सर्वत्र आढळतो की, 'मी खणलेले खनिज फुकट असते' हे वाक्य जुन्या खेळाडूंत चेष्टेचा विषय होऊन बसले आहे.

ग्रामीण वाचकास यात नवल वाटणार नाही. घरचे बियाणे, घरचे शेणखत, घरच्या बैलांची मेहनत आणि घरच्या माणसांची मजुरी हिशेबात न धरता पीक फायद्यात आहे असे मानण्याची सवय सर्वांच्या परिचयाची आहे. शेतकऱ्यास ती पुष्कळदा नाइलाजाने लागलेली असते, कारण घरच्या श्रमास दुसरे गिऱ्हाईक नसते. अंतराळातील खाणमालकास मात्र तीही सबब नाही. त्याच्या खनिजास गिऱ्हाईक त्याच क्षणी हजर असते.

जिताचा बाजार

'द फोर्ज' प्रदेशातील जिता ही या विश्वाची सर्वांत मोठी पेठ होय. येथे खरेदीदार आपली मागणी किमतीसह नोंदवून ठेवतो, विक्रेता आपला माल किमतीसह मांडतो, आणि दोहोंचा मेळ बसला की व्यवहार पुरा होतो. ज्यास ताबडतोब विकावयाचे असते, त्यास खरेदीदाराने मागितलेल्या पडत्या भावात विकावे लागते. जो थांबू शकतो, तो आपला भाव नोंदवून वाट पाहतो. या दोन भावांमधील अंतर हीच व्यापाऱ्याची भाकरी.

परंतु हे अंतर सगळेच पदरात पडत नाही. एखादा सुटा भाग ९०,००० इस्कला घेऊन एक लाखाला विकला, तर दहा हजार सुटले असे दिसते. नोंदींवरील दलाली आणि विक्रीकर वजा जाता मग त्यातील थोडकेच उरते. ही दलाली व हा कर कमी करणारी कौशल्ये आहेत. व्यापार करू इच्छिणाऱ्याने ती प्रथम शिकावीत. दिवसात तो भाग किती खपतो हेही पाहावे लागते. पुष्कळ नफ्याचा, पण महिन्यातून एकदा खपणारा माल नवख्याचे सारे भांडवल अडकवून ठेवतो.

विकत घेतलेला माल आपोआप घरी येत नाही. ज्या स्थानकावर घेतला तेथेच पडून राहतो. म्हणून मालवाहतूक हाही धंदा आहे. माल धाडणारा मजुरी ठरवितो आणि वाहकाकडून अनामत घेतो. माल पोहोचला नाही, तर अनामत धाडणाऱ्यास मिळते. काही चलाख मंडळी किरकोळ मालावर भरमसाट अनामत लावतात व वाटेत स्वतःच दबा धरून वाहकाचे यान फोडतात. मजुरी अवाच्या सवा दिसली की कंत्राटाच्या अटी दुसऱ्यांदा वाचाव्यात.

जिताच्या सार्वजनिक संभाषणात 'इस्क पाठवा, दुप्पट करून देतो' अशा जाहिराती अखंड चालू असतात. खेळाच्या नियमांत अशा फसवणुकीस बहुतांशी मुभा आहे, हे ऐकून आश्चर्य वाटेल. खेळाडूंनी चालविलेल्या 'ईबँक' नावाच्या पेढीचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. २००९ मध्ये तिच्या प्रमुखानेच ठेवीदारांचे सुमारे २०० अब्ज इस्क काढून नेले आणि ते खऱ्या पैशाच्या मोबदल्यात विकले. ठेवी परत घेण्यासाठी एकच झुंबड उडाली. कंपनीने त्याचे सदस्यत्व रद्द केले; पण ते इस्कची खऱ्या पैशात विक्री केल्याबद्दल. पेढी लुबाडणे नियमबाह्य नव्हते! त्या पेढीवर ना लेखापरीक्षक होता, ना निबंधक. होता तो केवळ विश्वास.

इस्क आणि रुपया

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हवे. इस्क विकून खरे चलन घेणे हा या खेळात नियमभंग आहे. उलट दिशेचा मार्ग मात्र कंपनीने खुला ठेवला आहे. 'प्लेक्स' नावाची वस्तू खेळाडू खऱ्या पैशाने कंपनीकडून घेतो व खेळातील बाजारात इस्कला विकतो. ती विकत घेणारा दुसरा खेळाडू तिच्या आधारे आपली वर्गणी फेडतो. म्हणजे निष्णात खेळाडूची जास्तीत जास्त अधिकृत 'कमाई' ती एवढीच, की त्याची वर्गणी वाचते. ती वाचविण्यासाठी महिन्याकाठी किती तास खर्ची पडले याचा हिशेब केला, तर घरच्या खनिजाचीच गोष्ट पुन्हा समोर येते.

वर्तमानपत्रांतील मोठ्या आकड्यांचा अर्थही यावरून लागतो. जानेवारी २०१४ मध्ये 'बी-आर५आरबी' या सूर्यमालेत साडेसात हजारांहून अधिक खेळाडूंची लढाई झाली आणि ७५ प्रचंड 'टायटन' याने नष्ट झाली. नुकसान तीन लाख डॉलरांचे झाले, असे जगभर छापून आले. ही किंमत प्लेक्सच्या दराने इस्कचे डॉलर करून काढलेली होती. तेवढे डॉलर कोणाच्या खिशातून त्या दिवशी गेले नाहीत, की कोणाच्या खिशात आले नाहीत. लढाईचे निमित्तही मोठे मासलेवाईक आहे : त्या सूर्यमालेवरील ताबा टिकविण्याचे देयक वेळेवर चुकते झाले नव्हते.

भारतीय संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांसंबंधी जो कायदा संमत केला, त्यात जिंकण्याच्या आशेने पैसे लावून खेळावयाचे खेळ आणि मनोरंजनासाठी, प्रसंगी वर्गणी भरून, खेळावयाचे खेळ यांत भेद केलेला आहे. 'कमाई' या एकाच शब्दाखाली मुले या दोहोंची गल्लत करतात. तेव्हा एखाद्या मुलाने आपण खेळातून अमुक इतके मिळविले असे सांगितल्यास, ते कोणत्या चलनात, ते कोठे जमा झाले आणि त्यासाठी आधी काही भरावे लागले काय, हे तीन प्रश्न शिक्षकाने त्यास शांतपणे विचारावेत. आणि उत्तर इस्कमध्ये आले, तर फळ्यावर त्याच्याच यानाचा जमाखर्च मांडून घ्यावा.