रंधा जरा थांबवा

सागवानी पाटात शिसवीचं पान बसवलं होतं. गोंद धरलाय असं वाटलं तशी त्याच रात्री वर आलेली शिसव रंध्यानं तासून टाकली. सांध्यावरून बोट फिरवलं तर कळतही नव्हतं. आठवडाभरानं पानाच्या कडेकडेनं बारीक चर पडला होता.

दोष पाण्याचा. सुतारकामाचा पांढरा गोंद पाण्यातला असतो. ते पाणी शोषून खाचेभोवतीचं लाकूड फुगतं. फुगलेलं असताना तासलं तर वाळल्यावर तिथे खळगा पडणारच. तेव्हा शिकंजा सोडला तरी रंध्याला दोन-तीन दिवस हात लावू नका. कोकणातल्या पावसाळ्यात आठवडासुद्धा कमीच.

दुसरी गोष्ट खाचेची. नवशिका आधी खाच कोरतो आणि मग तिच्यात मावेपर्यंत तुकडा घासत बसतो. इथे उलटं चालावं. तुकडा आधी पुरा करा, कडा तळाकडे किंचित आत कलत्या ठेवा. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं तो जागेवर बसवा आणि धारदार सुरीनं तळाला लागून रेघ मारा. पेन्सिल नको, तिच्या रेघेच्या जाडीएवढी फट पुढे दिसते. मग तुकडा उचलून पटाशीनं कोरा. तुकडा ३ मिलिमीटर जाड असेल तर खाच अडीच पुरे. वरचा अर्धा नंतर तासायला हवाच. गोंदाशिवाय अंदाज घेताना तुकडा पूर्ण दाबू नका. कलत्या कडांमुळे तो असा घट्ट बसतो की काढताना कोपरा तुटतो.

तुकड्याच्या रेषा पाटाच्या रेषांना समांतर ठेवा. लाकूड हवेतल्या ओलीनं लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. आडवा बसवलेला रुंद तुकडा एखाद्या पावसाळ्यात उचलला जातो. मैनपुरीची तारकशी पाहिली की हेवा वाटतो: शिसमात बारीक चर पाडून पितळेची तार ठोकून बसवतात, तिला ओलीनं फुगणं ठाऊक नाही. पण ते हात वेगळे.

रंगाचा घोटाळा मात्र बहुतेकांना शेवटी कळतो. म्हैसूरच्या कामात जमीन शिसवीची आणि नक्षी फिकट लाकडांची असते. तसं करायला जाल आणि पॉलिशपेपर घासाल, तर शिसवीची काळपट भुकटी हळदूच्या किंवा शिवणीच्या छिद्रांत बसते आणि मग निघत नाही. आधी लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवून एक पातळ हात द्या, मग पोलादी पत्तीनं खरवडा.

पहिल्या कामाला पानं-फुलं घेऊ नका, सरळ पट्टी घ्या. ती शिसवीची असली तर बरं, कारण तिचाच भुसा गोंदात कालवून भरलेली फट काळ्यात लपते. फिकट लाकडात तीच फट डागासारखी दिसते. फर्निचरवाल्या सुताराकडे असे तुकडे उरलेले असतात. ताजा चिरलेला नको, त्याच्याकडे वर्षभर कोपऱ्यात पडलेला मागा.