वाढता डोळा आणि हातातील पडदा

चेन्नई शहरात एग्मोर येथे १८१९ साली डोळ्यांचे सरकारी रुग्णालय सुरू झाले. आशिया खंडातील अत्यंत जुन्या नेत्ररुग्णालयांत त्याची गणना होते. त्या काळी भारतात माणसे मुख्यतः मोतीबिंदूने, देवीने किंवा डोळ्यांच्या संसर्गाने अंध होत. आज शहरातील पालकांना निराळीच काळजी लागून राहिली आहे. मुलाला जवळचे अक्षर स्वच्छ दिसते, परंतु फळ्यावरचे दिसत नाही. ह्या दोषास निकटदृष्टिता म्हणतात. लहान वयातच हाती आलेल्या पडद्याशी ह्या दोषाचा काय संबंध आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम डोळ्याची रचना ध्यानात घेऊ. नवजात बालकाचा नेत्रगोल पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर लांब असतो; प्रौढ माणसाचा सुमारे २४ मिलिमीटर भरतो. म्हणजे डोळाही शरीराबरोबर वाढतो. ही वाढ मोजकी असावी लागते. बाहेरून आलेले किरण स्वच्छमंडल व भिंग यांतून वळून मागील जालपटलावर नेमके एकत्र आले, तरच प्रतिमा स्पष्ट उमटते. नेत्रगोल प्रमाणाबाहेर लांबला, तर दूरच्या वस्तूंचे किरण जालपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात व प्रतिमा अंधुक होते. केवळ एका मिलिमीटरच्या जादा वाढीने चष्म्याचा क्रमांक सुमारे अडीच ते तीनने वाढू शकतो.

हे वर्गात सहज पडताळून पाहता येईल. खिडकीसमोरच्या भिंतीशी उभे राहून एका हातात बहिर्वक्र भिंग व दुसऱ्या हातात पांढरा कागद धरावा. खिडकीबाहेरील झाडाची उलटी प्रतिमा कागदावर स्पष्ट उमटेपर्यंत कागद पुढेमागे करावा. मग कागद किंचित मागे न्यावा. प्रतिमा लगेच पुसट होते. लांबलेल्या डोळ्यात हेच घडते. नेत्रगोल एकदा लांबला की पुन्हा आखूड होत नाही. चष्म्याने दृष्टी सुधारते, परंतु वाढलेली लांबी कायम राहते. दोष फार वाढल्यास ताणले गेलेले जालपटल पुढील आयुष्यात सुटून येण्याचा धोका असतो. म्हणून बालवयातील सावधगिरीला एवढे महत्त्व आहे.

ही वाढ बिघडते कशाने? आनुवंशिकता हे एक कारण आहे. आईवडिलांना हा दोष असल्यास मुलास तो होण्याचा संभव अधिक. परंतु एका पिढीत आनुवंशिकता फारशी बदलत नाही. बदलते ती राहणी. तासन्‌तास जवळ पाहत राहणे आणि मोकळ्या उजेडात कमी वावरणे ह्या दोन गोष्टींकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले आहे. उजेडाचा प्रभाव जालपटलात तयार होणाऱ्या डोपामिन ह्या द्रव्यामार्फत होत असावा. प्रखर उजेडात ते अधिक निर्माण होते व डोळ्याची लांबी वाढण्यास आळा बसतो, असे कोंबडीच्या पिलांवरील प्रयोगांतून सूचित झाले आहे.

चीनमधील ग्वांगझू येथील बारा प्राथमिक शाळांतील प्रयोग ह्या दृष्टीने मननीय आहे. सहा शाळांतील पहिलीच्या मुलांना दररोज ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानात देण्यात आला. उरलेल्या सहा शाळांत काही बदल केला नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत मैदानातील मुलांपैकी ३०.४ टक्के, तर इतर मुलांपैकी ३९.५ टक्के निकटदृष्टी झाली. म्हणजे उजेडाने दोष नाहीसा झाला नाही, परंतु कमी झाला, आणि त्यासाठी औषध लागले नाही.

आता चेन्नईकडे वळू. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या. तमिळनाडूत पहिली ते आठवीचे वर्ग १ नोव्हेंबर २०२१ रोजी पुन्हा भरू लागले. मधल्या काळात कित्येक मुलांचे धडे हातभर अंतरावरच्या पडद्यावर आले आणि खेळ घराच्या चार भिंतींत. पडदा हा पुस्तकासारखाच जवळून पाहावयाचा पदार्थ आहे. भेद एवढाच की पुस्तक संपते. पडद्यावर एका चित्रफितीमागून दुसरी आपोआप येत राहते. त्यामुळे मूल मैदानाला मुकते, आणि खरी हानी होते ती येथे.

वस्तुतः ह्या शहराला उजेडाची वाण नाही. घरातील दिव्याखाली सुमारे ३०० ते ५०० लक्स एवढा प्रकाश असतो. दुपारच्या थेट उन्हात तो एक लाखाच्या आसपास जातो, आणि झाडाच्या सावलीतसुद्धा खोलीच्या कितीतरी पट असतो. तेव्हा अग्निनक्षत्राच्या दिवसांतील कडक उन्हात मुलांना तळपवण्याचे कारण नाही. सकाळी शाळेपूर्वी अंगणात, मरीनाच्या वाळूवर, किंवा चार वाजल्यानंतर वडाच्या सावलीत खेळ झाला तरी पुरे. सूर्याकडे मात्र कधीही थेट पाहू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की एक वर्षाखालील बालकास पडदा मुळीच दाखवू नये व दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसातून एका तासाहून अधिक दाखवू नये. मोठ्या मुलांनी वाचताना वा पडदा पाहताना मधूनमधून मान वर करून दूर पाहावे, म्हणजे भिंगाभोवतालच्या स्नायूंना विसावा मिळतो.

परंतु नियम केवळ मुलांसाठी असून भागत नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या गावाने २०२२ साली सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून सर्व घरांतील मोबाइल व दूरचित्रवाणी दीड तास बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. सायंकाळच्या त्या वेळेने ऊन मिळत नाही हे खरे. तरीही आईवडिलांनी स्वतः पडदा खाली ठेवला तरच मूल तो ठेवते, हे त्या गावाने ओळखले. शाळेच्या वेळापत्रकात मैदानाचा तास गणिताच्या जादा तासासाठी कापला जातो, तेव्हा शिक्षकांनीही विचार करावा: फळ्यावरचे गणित सोडवण्यापूर्वी ते मुलाला दिसले पाहिजे.