तुडतुड्याची ‘नवी प्रजाती’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : तुडतुड्यांची नवी प्रजाती सापडल्याची बातमी वाचली. आमच्या शेवगाव भागात कपाशीवर दरवर्षी तुडतुडे पडतात आणि सगळे सारखेच हिरवे दिसतात. त्यातला एखादा ‘नवा’ आहे हे कळते कसे? आणि तो इतके दिवस होता कुठे?

उत्तर : तुमची शेवटची शंका आधी घेऊ, कारण तिच्यात बाकीच्यांची किल्ली आहे. तो किडा बहुतेक वेळा आपल्या डोळ्यांसमोरच असतो. नवे असते ते त्याचे नाते.

आधी शब्दांचा घोळ काढून टाकू. मराठी शास्त्रीय लेखनात जाती आणि प्रजाती हे दोन वेगळे शब्द आहेत. एकमेकांशी जुळून वंश वाढवणाऱ्या किड्यांची ती जाती. अशा जवळच्या नात्यातल्या जातींचे एक घर म्हणजे प्रजाती. बातम्यांत मात्र दोन्ही शब्द सरमिसळ वापरतात, म्हणून गोंधळ होतो. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. तुमच्या कपाशीवरचा तुडतुडा म्हणजे अम्रास्का बिगुट्टुला. बिगुट्टुला म्हणजे दोन थेंबांचा. त्याच्या दोन्ही पुढच्या पंखांवर टोकाजवळ एकेक काळा ठिपका असतो, भिंगातून जरूर पाहा.

दुसरा गैरसमज असा, की तुडतुडा म्हणजे एकच किडा. अकोले तालुक्यात भातावर येणारे तपकिरी तुडतुडे आणि तुमचे कपाशीवरचे तुडतुडे यांचे कूळच निराळे. तपकिरी तुडतुड्याच्या मिशा डोळ्यांच्या खालच्या बाजूला फुटतात आणि मागच्या पायाच्या नळीच्या टोकाशी एक हलणारी आरी असते. कपाशीच्या तुडतुड्याला ती आरी नसते; त्याच्या मागच्या नळीवर लांबीभर काट्यांच्या ओळी असतात, फणीच्या दातांसारख्या. गंमत म्हणजे भातावरचे हिरवे तुडतुडे मात्र तुमच्या कपाशीवाल्यांच्या कुळातले. या एका कुळात जगभरात वीस हजारांहून जास्त जातींची नोंद झाली आहे. तेव्हा ‘सगळे सारखेच दिसतात’ यात तुमच्या डोळ्यांचा दोष नाही.

मग ओळखायचे कसे? रंगावर विसंबता येत नाही. नर आणि मादी वेगळ्या छटेचे असू शकतात, ऋतूप्रमाणे रंग गडद-फिका होतो आणि मेल्यावर हिरवा पिवळट पडतो. म्हणून अभ्यासक नर निवडतो. ज्वारीच्या दाण्याहून लहान अशा त्या किड्याचे पोट सुईच्या टोकाने अलगद सोडवतो आणि पोटॅशच्या द्रावणात ठेवतो, म्हणजे आतले मांस विरघळून कठीण भाग तेवढे उरतात. मग ते ग्लिसरीनच्या थेंबात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली फिरवून पाहतो. नराच्या जननेंद्रियाचा आकार, त्याला फुटलेले काटे, त्यांची वळणे या गोष्टी एका जातीत ठरलेल्या असतात आणि शेजारच्या जातीत बदलतात. मादीवरून जाती सांगणे बऱ्याचदा अवघड जाते ते यामुळेच.

एवढ्यावर नवी जाती ठरू शकते. नव्या प्रजातीला आणखी पुरावा लागतो. चेहऱ्याची ठेवण, साध्या डोळ्यांची जागा, पंखांतल्या शिरांची मांडणी, मागच्या पायांवरचे काटे आणि नराची जननेंद्रिये ही सगळी लक्षणे मिळून असा संच दाखवावा लागतो, जो जवळच्या कोणत्याही प्रजातीत बसत नाही. त्यासाठी जवळच्या प्रजातींचे जुने नमुने काढून शेजारी ठेवावे लागतात. सगळ्यात जास्त वेळ जातो तो यातच. शेवटी एक जाती त्या प्रजातीची आदर्श म्हणून नेमतात. नवी जाती असेल तर तिचा एक नमुना संग्रहालयात कायमचा ठेवतात, म्हणजे पुढे कुणाला शंका आली तर तो नमुना काढून पाहता येतो.

याचे उत्तम उदाहरण आपल्या बांधावरच्या आंब्यावर आहे. मोहोरातला रस शोषणारे, ज्यांच्या चिकट्यावर पुढे काळी बुरशी चढते ते तुडतुडे. त्यांच्यातल्या तीन प्रसिद्ध जातींचे वर्णन लेथिएरी या फ्रेंच अभ्यासकाने 1889 मध्ये केले आणि तिघांना इडिओसेरस या एकाच प्रजातीत बसवले. पुढे 1915 मध्ये बेकरने इडिओस्कोपस ही प्रजाती वेगळी काढली. तिघांपैकी दोन जाती आज तिच्यात आहेत. तिसरी, आकाराने सर्वांत मोठी, अनुफ्रिएव्हने 1970 मध्ये मांडलेल्या अम्रिटोडस या नव्या प्रजातीत गेली. म्हणजे आंबा तोच, तुडतुडा तोच, फक्त त्याचे घर 81 वर्षांनी ठरले. तुमच्या अम्रास्काचेही तसेच. त्या किड्याचे वर्णन 1913 चे, पण अम्रास्का ही प्रजाती घौरी यांनी 1967 मध्ये मांडली, तीही आंब्यावरच्या तुडतुड्यांचा अभ्यास करताना.

शेतकऱ्याला याचा उपयोग काय, असेही तुमच्या मनात असेल. मला तो मोठा वाटतो. कपाशीची पाने कडेने मुडपून लाल करणारा किडा वेगळा, भाताला विषाणू पोचवणारा वेगळा. ओळख चुकली तर एकाची माहिती दुसऱ्याला लावली जाते आणि फवारणी वाया जाते.

तुमच्या शेतात कधी अनोळखी तुडतुडा दिसला तर एखाद-दुसरा न पकडता दहा-वीस पकडा, म्हणजे त्यांत नर नक्की येतील. पान हळूच उलटून पाहिले की खालच्या बाजूला तिरकी चालणारी पिल्ले दिसतात. ती सोडा, पंखवाले घ्या. संध्याकाळी दिव्याखालीही ते येतात. लहान बाटलीत सत्तर टक्के अल्कोहोल घालून त्यात ठेवा आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाला दाखवा. गाव, पीक आणि तारीख कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून तो चिटोरा बाटलीतच घाला. मात्र लिहा पेन्सिलीने. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळून जाते.