अल्लाहचे देणे, माणसांचे देणे

मी हिशेबनीस. घराणे धुळ्याचे, वडील मागावर लुगडी विणायचे. मी वहीच्या कामाला लागलो आणि जळगावात स्थिरावलो. फुले मार्केटातले कापडवाले, दाणा बाजारातले अडते, रावेर-यावलकडचे केळीवाले, दोन-चार सराफ अशांच्या रोजकीर्दी आणि खतावण्या लिहिण्यात हयात गेली. मारवाडी, लेवा पाटील, मोमीन, मणियार, बागवान, सगळेच गिऱ्हाईक. मी मौलवी नाही. लहानपणी मशिदीत सिपारे वाचले, बाकी जे कळले ते उलेमांचे ऐकून आणि लोकांची देणी-घेणी पाहून. फतवा हवा असेल त्याने मुफ्तीसाहेबांकडे जावे. इस्लाम रोजच्या जगण्यात कुठे भेटतो असे कुणी विचारले, तर माझ्याकडे सांगायला एवढे आहे.

१. श्रद्धेच्या सहा गोष्टी आहेत, पण बाजारात एकीचा कस लागतो.

अल्लाह एक आहे, त्याचे फरिश्ते आहेत, त्याने ग्रंथ उतरवले, प्रेषित पाठवले, कयामतचा दिवस येणार आहे आणि तकदीर त्याच्या हाती आहे. हे ईमान. पोराला मकतबात हे पाठ होते आणि मोठेपणी त्यावर कुणी वाद घालत नाही. खरी परीक्षा कयामतच्या हिशेबाची. माणसाच्या दोन्ही बाजूंना लिहिणारे फरिश्ते बसलेत, हे ज्याला मनापासून पटले त्याला दुसरी वही ठेवण्याचा मोह होत नाही. आयकरासाठी एक आणि घरासाठी एक अशा दोन वह्या मागणारे मला सगळ्या जातिधर्मांत भेटले. आपल्या लोकांतही भेटले, हे लपवण्यात अर्थ नाही.

२. देणी दोन प्रकारची, आणि त्यातले अवघड देणे माणसांचे.

नमाज, रोजा, हज या अल्लाहच्या हक्काच्या गोष्टी, हुकूकुल्लाह. कुणाची उधारी, मजुरी, वाटा, अब्रू हे माणसांचे हक्क, हुकूकुल इबाद. पहिल्यात कसूर झाली तर तौबा करावी. अल्लाह मेहरबान आहे, त्याने माफ केले तर केले. दुसऱ्यात मात्र ज्याचे बुडवले त्यानेच सोडावे लागते. पैगंबरसाहेबांनी एकदा साथीदारांना विचारले होते, दिवाळखोर कोण? ते म्हणाले, ज्याच्याकडे पैसा नाही तो. त्यावर पैगंबरसाहेबांनी सांगितले की खरा दिवाळखोर तो, जो नमाज-रोजा-जकातीची पुंजी घेऊन कयामतला येतो, पण ज्यांना शिव्या दिल्या, ज्यांचा माल खाल्ला ते रांगेत उभे असतात. त्याची पुण्याई त्यांना वाटून संपते आणि मग त्यांची पापे याच्या डोक्यावर येतात. हिशेबाचे काम करणाऱ्याला ही हदीस ऐकून झोप लागू नये अशीच आहे.

आमच्या धुळ्याकडचा एक हिंदू शेतकरी हेच त्याच्या अहिराणीत म्हणायचा, ‘भो, देव माफ करी, पन सावकार नही करस.’

३. कपाळावरचा गट्टा पाहून उधार देऊ नये.

सजद्याने कपाळावर काळसर खूण उमटते. ती पाहून माल उधार देणारे व्यापारी मी पाहिले आणि मग त्यांची थकबाकीही मीच लिहिली. याचा दोष नमाजला नाही. पाच वेळा हातातले काम सोडून उठावे लागते, मालक-हमाल एका रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहतात, रांगेत पुढची जागा आधी येणाऱ्याची. माणसाला वळण लावायला याहून सोपा रिवाज मला ठाऊक नाही. पण खलिफा हजरत उमर यांच्याबद्दल एक प्रसंग सांगितला जातो. एका माणसाची खात्री द्यायला दुसरा पुढे आला, तेव्हा त्यांनी विचारले, याच्याबरोबर प्रवास केलास का? पैशाचा व्यवहार केलास का? दोन्हींचे उत्तर नाही आले, तेव्हा ते म्हणाले की तू याला फक्त मशिदीत पाहिले असशील. मी नव्या गिऱ्हाइकाची चौकशी अजून याच दोन प्रश्नांनी करतो.

४. भरवशाच्या माणसाचेही लिहून घ्यावे.

कुरआनातली सर्वांत लांब आयत कशावर आहे असे मी पुष्कळांना विचारतो. कुणी स्वर्ग म्हणते, कुणी नमाज म्हणते. ती सूरह बकरातली २८२ वी आयत आहे आणि ती उधारीवर आहे. मुदतीचे देणे असेल तर लिहा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, देणेकऱ्याने स्वतः मजकूर सांगावा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान आहे म्हणून कंटाळा करू नका, असा तिचा आशय. हातोहातच्या रोख व्यवहाराला तेवढी सूट. तरी साडू-मेहुण्यात पैसे देताना लोक म्हणतात, लिहून घेतले तर नाते खराब होईल. माझ्या पाहण्यात नाती न लिहिल्यानेच जास्त तुटली.

५. जकातीचे गणित सोपे नाही, आणि ते रमजानच्या शेवटच्या रात्री करू नये.

इथे जरा थांबतो, कारण रमजान लागला की माझ्याकडे याचीच गर्दी. जकात अडीच टक्के हे सगळ्यांना माहीत. कशावर, हे थोड्यांना. दुकानातल्या विक्रीच्या मालावर आजच्या भावाने. फर्निचर, तराजू, गाळा यांवर नाही. येणाऱ्या उधारीवर, पण देणी वजा करून. शिलकीवर आणि सोन्या-चांदीवर. आणि हे सारे मालकाकडे चांद्र वर्षभर निसाबच्या, म्हणजे जकात लागू होण्याच्या किमान हद्दीच्या, वर राहिले असेल तरच.

जळगाव सोन्याचे गाव, त्यामुळे खरा गोंधळ दागिन्यांत होतो. निसाब साडेसात तोळे सोने, असे घरोघरी पाठ आहे. पण तो तोळा जुना, ११.६६ ग्रॅमचा, साडेसात तोळे म्हणजे ८७.४८ ग्रॅम. सराफ आज तोळा म्हणतो तो १० ग्रॅमचा. म्हणजे बाजारच्या तोळ्याने हद्द पावणेनऊला जाते. हे ऐकून आठ तोळेवाली बाई खूश होते, पण लगेच पुढचा नियम सांगावा लागतो. सोन्याबरोबर थोडी चांदी किंवा रोकड असली की आपल्याकडचे हनफी उलेमा सगळे मिळून चांदीच्या निसाबने मोजतात. तो ६१२ ग्रॅमच्या आसपास, आणि त्याची किंमत सोन्याच्या निसाबपेक्षा कितीतरी खाली. म्हणजे जकात आलीच. आणखी एक, दागिना बायकोचा असेल तर जकातही तिच्यावर. नवरा तिच्या वतीने भरू शकतो, पण तिला विचारून. नवऱ्याची मिळकत आणि बायकोची मिळकत शरीयतमध्ये दोन वेगळी खाती आहेत. हे समजावताना कित्येक नवऱ्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

काही व्यापारी सोयीसाठी मार्चअखेरच्या ताळेबंदावर जकात काढतात. सौर वर्ष चांद्र वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी मोठे, म्हणून जाणकार त्यांना अडीचऐवजी २.५७७ टक्के धरायला सांगतात. लाखाला ७७ रुपयांचा फरक. एवढ्यासाठी कोण कटकट करते, असे मला विचारतात. मी म्हणतो, जीएसटीत एवढाच फरक पडला असता तर तुम्हीच रात्री फोन केला असता.

शेतीचे गणित वेगळे. पावसाच्या पाण्यावरच्या पिकाला दहावा भाग, पाणी भरून काढलेल्याला विसावा; त्याला उशर म्हणतात. ठिबकवरची केळी विसाव्यात बसेल. हिंदुस्तानातल्या जमिनीला उशर लागू होतो का, यावर उलेमांत मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही. यावलकडचा एक केळीवाला दर कापणीला विसावा भाग बाजूला काढतो. जकात कुणी बहिणीला दिली तर चालते, ती गरजू असेल तर. आई-बापाला, मुलांना, बायकोला चालत नाही, कारण त्यांना पोसणे तसेही त्याच्यावर बंधनकारक आहे.

६. रोजा उन्हात कळतो.

चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि ३३ वर्षांच्या आसपास सगळे ऋतू फिरून येतो. २०१८ आणि २०१९ साली तो मे-जूनमध्ये होता. जळगाव-भुसावळात पारा ४४-४५ वर, सहरी ते इफ्तार साडेचौदा तासांच्या आसपास आणि दाणा बाजारात पोती वाहणारे हमाल रोज्याने. आजारी, प्रवासी, गरोदर बाई यांना सूट आहे, राहिलेले रोजे नंतर भरून काढता येतात. सूट घेणाऱ्याला टोमणे मारणाऱ्यांना मी रागावतो. अल्लाहने दिलेली सवलत शेजाऱ्याने का कापावी?

७. काटा मारणे हा दीनचा, म्हणजे धर्माचा, प्रश्न आहे.

कुरआनातली ८३ वी सूरह मापात मारणाऱ्यांच्या नावाने आहे. घेताना पूर्ण भरून घेतात आणि देताना कमी देतात, त्यांची ती कानउघाडणी. कापसाच्या खेडा खरेदीत आणि धान्याच्या अडतीत कटतीच्या नावाखाली क्विंटलमागे किलो-दीड किलो उडवणे काय असते, हे खान्देशात सांगायला नको. एका कापूस व्यापाऱ्याने तौबा करून काटा बदलला. पण आधीच्या शेतकऱ्यांचे काय? त्याने गावे आठवून यादी केली, माझ्याकडून रकमा लावून घेतल्या आणि बोनस म्हणून वाटल्या. कारण सांगायची त्याची हिंमत झाली नाही. पैसे पोचले, माफी मागायची राहिली. मुफ्तीसाहेब त्याला काय म्हणाले ते त्याने मला सांगितले नाही.

८. तकदीर म्हणजे हात बांधून बसणे नव्हे.

मे-जूनच्या वादळात रावेर तालुक्यात घडासकट केळीच्या बागा आडव्या होतात. तेव्हा ‘अल्लाहची मर्जी’ म्हणणे आणि त्याच तोंडाने तलाठ्याला पंचनाम्यासाठी गाठणे, यात विरोध नाही. उंट आधी बांधा, मग भरवसा ठेवा, हा पैगंबरसाहेबांचा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला आहे.

९. वाटणीत दीन सगळ्यात लवकर विसरला जातो.

बाप गेला की आधी कफन-दफनचा खर्च, मग त्याचे कर्ज, मग वसीयत असेल तर तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आणि उरलेल्याचे वारसांत वाटे, असा क्रम आहे. कर्जात बायकोचा न दिलेला मेहरही येतो. आपल्याकडे निकाहात मेहर ‘उधार’ लिहायची सवय आहे आणि ती उधारी बहुतेक जनाज्यापर्यंत तशीच असते. एका कर्जदाराच्या जनाज्याची नमाज पढवायला पैगंबरसाहेबांनी नकार दिला होता. एका साथीदाराने कर्ज अंगावर घेतले, तेव्हा पढवली. हे ऐकवले की चार माणसे लगेच हिशेबाला बसतात, हा माझा अनुभव.

मग वाटे. समजा बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी मागे राहिली आणि हाती ४० लाख आहेत. बायकोला आठवा हिस्सा, ५ लाख. उरलेले ३५ लाख मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात. मुलांना १४-१४, मुलीला ७. मुलीचा वाटा निम्मा का, यावर आज वाद होतात आणि व्हावेत. पण मी ज्या घरांत बसलो, त्या बहुतेकांत वाद निम्म्याचा नव्हताच. मुलीला काहीच मिळत नव्हते. सातबाऱ्यावर वारस नोंद लागते, मग बहिणीला रजिस्ट्रार कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतात, साडी-चोळी देतात आणि माहेरची वाट मोकळी राहिली म्हणून तीच समाधान मानते. हे शेजारचे पाटील करतात, तेच आम्ही करतो. फरक एवढाच की पाटलाच्या घरी कुणी मुलीचा वाटा आमच्या ग्रंथात ठरलेला आहे असे म्हणत नाही. आम्ही मात्र बहिणीचा वाटा खाऊन उमरा करून येतो. एका घरात थोरल्या भावाने बहिणीला सांगितले, आधी पैसे तुझ्या खात्यात घाल, महिनाभर राहू दे, मग द्यायचे तर दे. महिन्याने तिने पैसे दिले नाहीत. भावाची बायको अजून चिडलेली आहे. भाऊ मात्र निवांत.

१०. शेजाऱ्याला सांगायचे तर त्याच्या ओळखीच्या माणसाकडून.

गिऱ्हाइकांपैकी कुणी इस्लामबद्दल विचारले, तर मी त्यांना साने गुरुजींचे ‘इस्लामी संस्कृती’ सुचवतो. गुरुजी अमळनेरच्या शाळेतले मास्तर, खान्देशाला घरचे वाटणारे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने त्यांनीच लिहून घेतली, आणि त्या विनोबांनी पुढे अरबी शिकून कुरआनाचे सार काढले. माझ्या बोलण्याने जे काम चार वर्षांत झाले नसते, ते गुरुजींच्या पुस्तकाने एका दिवाळीच्या सुट्टीत केले.

११. हजला जाण्याआधी जुन्या वह्या काढाव्यात.

हजला निघणारा माणूस घरोघरी जाऊन कहासुना माफ करून घेतो. हारतुरे, जेवणावळी त्यानंतर. एक मिरचीचे व्यापारी निघाले, तेव्हा त्यांनी माझ्याकडून जुन्या खतावण्या मागवल्या. बरेचसे फिटले होते. दोंडाईच्याच्या एका अडत्याचे देणे तेवढे बाकी निघाले, आणि तो अडत्या वारलेला. नियम असा की मालक नसेल तर वारसांना द्यावे, आणि वारस शोधूनही सापडले नाहीत तर त्याच्या नावाने सदका, म्हणजे दान, करावा. सदका सोपा होता, पण हाजीसाहेबांना ठाऊक होते की मुलगा तिथेच धंदा करतो. सुरत लाइनच्या गाडीने आम्ही दोघे दोंडाईच्याला गेलो. मुलगा म्हणाला, चाचा, बापाच्या वहीत ही रक्कम नाही, मी कशी घेऊ? हाजीसाहेब म्हणाले, माझ्या वहीत आहे. त्याने घ्यायचे नाकारले. हाजीसाहेबांनी त्याला स्पष्ट शब्दांत माफ केले असे म्हणायला सांगितले, तर म्हणाला, वडिलांचे मी एकटा कसा माफ करू, दोन बहिणी आहेत. शेवटी रकमेचे तीन वाटे पाडले. घर हिंदू, म्हणून कायद्याप्रमाणे सारखे. एक मुलाने ठेवला, दोन त्याने माझ्यासमोर बहिणींच्या खात्यावर पाठवले, आणि पावती मी हाजीसाहेबांच्या फाइलला लावली.