शरीर न चिरता पचनमार्गाचे उपचार : एंडोस्कोपीची प्रगत तंत्रे

विनयपिटकातील महावग्गात वैद्य जीवकांची एक कथा आली आहे. वाराणसीच्या एका श्रेष्ठीचा पुत्र कोलांटउड्या खेळत असता त्याच्या आतड्यांना पीळ बसला. त्याला पेज पचेना, अन्नही पचेना. देह कृश व पिवळा पडला. जीवकांनी पोटाची त्वचा छेदून आतडी बाहेर काढली, पीळ सोडवला, आतडी पुन्हा जागी ठेवून पोट शिवले व लेप लावला. तो मुलगा बरा झाला. पचनमार्गातील अडथळा दूर करायचा तर शरीर उघडावे लागते, ही स्थिती त्यानंतरही दीर्घकाळ कायम राहिली. आज मात्र अनेक व्याधींसाठी दुसरी वाट उपलब्ध आहे. ती तोंडावाटे किंवा गुदद्वारावाटे आत जाते. या वाटेची ओळख करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दुर्बिणीचा प्रवास

१८६८ साली जर्मन वैद्य अडॉल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळून दाखवणाऱ्या एका कसरतपटूच्या जठरात सरळ, ताठ नळी उतरवली. अशी नळी सर्वसामान्य रुग्णाला सोसणारी नव्हती. ती अडचण दूर होण्यात एका भारतीयाचा वाटा आहे. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते, हे १९५४ साली दाखवून दिले. त्याच तत्त्वावर बॅसिल हिर्शोविट्झ यांनी अमेरिकेत १९५७ साली लवचीक दुर्बीण वापरात आणली. पुढे दुर्बिणीच्या टोकाला सूक्ष्म कॅमेरा आला आणि तिच्यातील पोकळीतून चिमटे, जाळ्या व विद्युत्-सुऱ्या आत जाऊ लागल्या. पाहण्याचे साधन अशा रीतीने उपचाराचे साधन झाले.

दुर्लक्षित थर

वर्गात पचनमार्गाची आकृती काढताना आम्ही त्याच्या भित्तिकेचे चार थर दाखवतो : आतले श्लेष्मल अस्तर, त्याखालील सैल उपश्लेष्मल थर, मग स्नायूंचा थर आणि सर्वांत बाहेरचे आवरण. अस्तर पाचकरस स्रवते, स्नायू अन्न पुढे ढकलतात. दुसऱ्या थराविषयी मात्र आम्ही एका वाक्यात पुढे जातो. नव्या तंत्रांपैकी दोन महत्त्वाची तंत्रे याच थरात घडतात. हा थर सैल असल्यामुळे तेथे निळसर रंग मिसळलेला द्रव टोचला की तो फुगतो, अस्तर स्नायूपासून वर उचलले जाते आणि दोहोंमध्ये काम करण्यापुरती जागा निर्माण होते.

पहिले तंत्र अकॅलेशिया या विकारासाठी आहे. या विकारात अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची स्नायूंची झडप गिळताना सैल पडत नाही आणि नलिकेची अन्न पुढे ढकलण्याची लयही बिघडते. भाकरीच काय, पाणीही अडते, रात्री आडवे झाल्यावर न पचलेले अन्न तोंडात येते, वजन घटते. १६७४ साली टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने अशाच एका रुग्णाला देवमाशाच्या हाडाच्या टोकाला स्पंज बांधून दिला होता. अन्न खाली ढकलण्यासाठी तो रुग्ण वर्षानुवर्षे तेच साधन वापरत असे. १९१३ साली अर्न्स्ट हेलर यांनी शस्त्रक्रियेने हा स्नायू छेदण्याची पद्धत सुरू केली. जपानमधील हारुहिरो इनोउए यांनी २००८ साली तेच कार्य रुग्णाच्या तोंडावाटे केले. या पद्धतीस ‘पोएम’ असे संक्षिप्त नाव आहे. पूर्ण भूल देऊन अस्तराला लहान छेद देतात, उपश्लेष्मल थरातून जठराच्या मुखापर्यंत बोगदा तयार करतात, आतून स्नायू छेदतात आणि शेवटी प्रवेशाचा छेद धातूच्या चिमट्यांनी मिटवतात. शरीरावर बाहेरून एकही व्रण राहत नाही.

दुसरे तंत्र जठर, अन्ननलिका व मोठ्या आतड्यातील अगदी प्रारंभीच्या कर्करोगासाठी आहे. जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते विकसित झाले. रोग अस्तरापुरताच मर्यादित असेल, तर त्याच्या भोवतीने छेद घेऊन खालच्या सैल थरातून तो भाग अखंड सोलून काढतात. जठर जागेवरच राहते. रोग खोलवर गेला असेल, तर मात्र ही वाट बंद होते.

पित्तनलिकेतील खडे

तिसरे तंत्र आपल्या परिसरात अधिक परिचयाचे आहे. पित्ताशयातील खडा घसरून पित्तनलिकेत अडकला की कावीळ होते. दुर्बीण लहान आतड्याच्या आरंभापर्यंत नेऊन, पित्तनलिकेचे मुख किंचित छेदून, फुग्याने वा जाळीने खडा ओढून काढतात. ही छेदनक्रिया १९७४ साली जर्मनी व जपान येथील वैद्यांनी प्रथम प्रसिद्ध केली. अशा काविळीसोबत थंडी-ताप व पोटदुखी असेल, तर नलिकेत जंतुसंसर्ग झालेला असण्याची शक्यता असते आणि तो प्राणावर बेतू शकतो. अशा वेळी गावठी औषधाच्या पुडीवर आठवडा काढणे म्हणजे उपचाराची संधी हातची घालवणे होय.

मर्यादांचे भान

ही तंत्रे निर्धोक आहेत, असा समज होऊ नये. रक्तस्राव व भित्तिकेला छिद्र पडणे हे धोके असतात. पित्तनलिकेच्या उपचारानंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. युरोपातील २२१ रुग्णांवरील एक तुलनात्मक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनंतर ‘पोएम’ ८३ टक्के रुग्णांत यशस्वी ठरले होते, तर दुर्बिणीने पोटातून केलेली हेलर शस्त्रक्रिया सुमारे ८२ टक्के रुग्णांत. परंतु आम्लामुळे अन्ननलिकेला होणारा दाह ‘पोएम’ नंतर ४४ टक्के रुग्णांत आढळला, शस्त्रक्रियेनंतर २९ टक्क्यांत. म्हणून रुग्णाने व नातेवाइकांनी निःसंकोच विचारावे : या उपचाराला पर्याय कोणता? येथे तो नियमित केला जातो का? गुंतागुंत झाल्यास शस्त्रक्रियेची सोय आहे का? नंतर किती काळ तपासणी लागेल?

पालक व माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे, की पुढील लक्षणे अंगावर काढू नयेत : घास अडकणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, कारणावाचून घटणारे वजन, तापासह कावीळ. घरातील वडीलधारी माणसे ‘पित्त झाले असेल’ म्हणून घास पाण्यासोबत उतरवतात, मग भाकरी कुस्करून खाऊ लागतात, आणि शेवटी केवळ पेजेवर येतात. पण तक्रार करत नाहीत. त्यांच्या ताटाकडे घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी लक्ष द्यावे. प्रारंभीचा रोग दुर्बिणीने निघू शकतो, वाढलेल्या रोगाला मोठी शस्त्रक्रिया लागते आणि कधी तीही उपयोगी पडत नाही. दुर्बीण कितीही प्रगत झाली, तरी रुग्णाला वेळेवर तिच्यापर्यंत नेण्याचे काम माणसालाच करावे लागते.