रंग लावण्याआधी

मराठे आणि निजाम यांच्यातली राक्षसभुवनची लढाई मी एकदा टेबलावर मांडली होती. शाडूचे ४० सैनिक, १२ घोडे आणि मधून वाहणारी निळ्या कागदाची गोदावरी. गेवराई तालुक्यातल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवत होतो. लढाई झाली १० ऑगस्ट १७६३ला, म्हणून प्रदर्शनही १० ऑगस्टलाच ठेवलं. हाताशी जेमतेम १५ दिवस होते. त्या दिवसांत माझ्या हातून झालेल्या चुका सांगतो. दिवाळीच्या किल्ल्यासाठी किंवा शाळेसाठी मावळे रंगवणाऱ्यांना त्या टाळता येतील.

पहिली चूक घाईची. पावसाळी हवेत शाडू वरून कोरडी वाटते, पण पोटात ओल धरून असते. मी चौथ्याच दिवशी थेट ऑइल पेंट चढवला. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री पाहतो तर घोड्यांच्या पाठीवर फोड आलेले. एकाला नखाने हलकेच दाबलं, तर रंगाचा अख्खा पापुद्रा निघून आला आणि खाली माती ओलसर लागली. आतल्या ओलीला बाहेर पडायला वाटच उरली नव्हती.

आता मी मूर्ती सावलीत आठ-दहा दिवस वाळवतो, पावसाळ्यात त्याहूनही जास्त. उन्हात ठेवत नाही, तडे जातात. मग बारीक पॉलिश पेपर फिरवून फेव्हिकॉल घातलेल्या पाण्यात खडूची पूड कालवतो आणि त्याचा पातळ हात देतो. त्यावर ॲक्रिलिकचे दोन-तीन पातळ थर. जाड थराने चेहऱ्याचे उठाव बुजतात. अंगरख्याच्या चुण्यांत काळपट तपकिरी रंगाचं पाणी सोडायचं आणि ते वाळल्यावर उंचवट्यांवर मूळ रंगाची फिकट छटा ओढायची. डोळ्यांसाठी शून्य नंबरच्या ब्रशने एक गडद रेघ पुरते. चार बोटं उंचीच्या माणसाला डोळ्यांतला पांढरा भाग काढला की तो दचकल्यासारखा दिसतो. उन्हाळ्यात आपल्याकडे रंग ब्रशवरच वाळतो. त्यासाठी पसरट डब्यात ओला स्पंज ठेवून वर बटर पेपर अंथरावा आणि त्यावर रंग कालवावा. तो बराच वेळ ओला राहतो.

त्या वेळी मात्र रात्रभर जागून फोड खरवडले, पुन्हा रंग दिला. पण खरी चूक सकाळी कळली.

एका विद्यार्थ्याचे आजोबा टेबलापाशी बराच वेळ उभे होते. मी मराठ्यांचे सगळे सैनिक भगवे आणि निजामाचे सगळे हिरवे रंगवले होते. आजोबांनी विचारलं, "गुरुजी, ह्यात विठ्ठल सुंदर कोनता?" मी हिरव्या घोळक्यातल्या हत्तीवरच्या सरदाराकडे बोट केलं. ते म्हणाले, "आन् जानोजी भोसल्याला कोनता रंग देनार व्हता?"

मला उत्तर देता आलं नाही. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर ब्राह्मण होता. नागपूरकर जानोजी भोसले निजामाला मिळाले होते आणि लढाईच्या तोंडावर त्यांनी त्याची साथ सोडली. गोदावरीला पूर होता. निजामअली पलीकडच्या तीरावर अडकला आणि अलीकडे राहिलेल्या फौजेसह विठ्ठल सुंदर लढता लढता पडला. वेढ्यात सापडलेल्या आपल्या काकांना, राघोबादादांना, सोडवायला अठरा वर्षांचे माधवराव पेशवे धावून गेले. हे सगळं मला पाठ होतं. तरी ब्रश हातात घेताच मी त्या गुंतागुंतीच्या लढाईचे दोन डबे केले, आणि मुलं तेच खरं मानून घरी गेली. त्या दिवसाचं वाईट आजही वाटतं.

म्हणून सांगतो, रंग म्हणजे इतिहासाबद्दलचं विधान आहे. शब्द खोटा लिहिला तर कुणी खोडेल, खोटा रंग मात्र वर्षानुवर्षं डोळ्यांत राहतो. त्या काळच्या घोडदळाला आजच्यासारखा एकसारखा गणवेश नव्हता. पागोटी, अंगरखे, शेले वेगवेगळ्या रंगांचे आणि बरेचसे धुऊन विटलेले असू द्या. फौज ओळखायला निशाण पुरतं. पेशव्यांचा जरीपटका नीट रंगवा. घोडे सगळे पांढरे नकोत. एखादा अबलख, एखादा पंचकल्याणी आणि बाकीचे तांबूस-तपकिरी करा. तोड्याच्या बंदुकीवर तोड्याच्या टोकाला निखाऱ्याचा एक नारिंगी ठिपका द्या, तेवढ्याने बंदूक जिवंत होते.

संदर्भ शोधताना सिनेमा आणि कॅलेंडर बाजूला ठेवा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातली शस्त्रं पाहा, वाईजवळ मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं पाहा. जगभर हौशी लोक लढाईच्या खेळासाठी माया योद्ध्यांच्या इवल्या मूर्ती रंगवतात. त्यांच्यासाठी मेक्सिकोतल्या बोनामपाकची आठव्या शतकाच्या अखेरची भित्तिचित्रं असाच आधार आहेत. जग्वारच्या कातड्याचे पेहराव तिथे रंगासकट दिसतात. काळाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जावं, हा नियम तिथेही आहे आणि इथेही.

पुढच्या वर्षी तीच लढाई पुन्हा मांडली. या वेळी आधी मुलांना घेऊन राक्षसभुवनला गेलो. शनी मंदिराकडून नदीवर उतरलो आणि पूर आल्यावर पलीकडची फौज का येऊ शकली नसेल, ते पात्र पाहून त्यांनीच मला सांगितलं. सैनिक त्यांनीच रंगवले. विठ्ठल सुंदरला एका मुलीने फिकट केशरी पागोटं दिलं. मी कारण विचारलं, तर म्हणाली, "सर, पागोट्यावरून कळत नाही ना कोण कुणाकडून लढतंय."